शारदा सदन, १८९३: उघड्या दारातल्या प्रार्थनेचे प्रकरण

ऑगस्ट १८९३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि त्यांचे सहकारी, म्हणजे पुण्यातले सल्लागार मंडळ, यांनी पुण्याच्या शारदा सदन या मुलींच्या निवासी शाळेशी आपला संबंध उरला नसल्याचे पत्र दिले. संस्था पंडिता रमाबाईंची होती, पैसा अमेरिकेतल्या बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि मुली बहुतेक उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या, त्यांतही बालविधवा अधिक. पत्राचा बोभाटा होताच पालकांनी मुलींना काढून नेण्यास सुरुवात केली आणि थोड्याच काळात वीस-पंचवीस मुली सदन सोडून गेल्या. आरोप असा होता की धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन देऊन काढलेल्या शाळेत मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जात आहे. रमाबाईंचे उत्तर असे होते की वर्गात त्या धर्म शिकवीत नाहीत. स्वतःच्या खोलीत स्वतःच्या मुलीबरोबर प्रार्थना करतात, त्या वेळी खोलीचे दार उघडे असते, आणि आपणहून आत येऊन बसलेल्या मुलीला बाहेर घालवणे त्यांच्याने होणार नाही.

हे प्रकरण मराठी वाचकाला बहुधा ‘केसरी’ विरुद्ध रमाबाई किंवा सनातनी विरुद्ध सुधारक अशा लढतीच्या रूपात माहीत असते. ती लढत खरी होती, पण येथे मला ते वसतिगृहाच्या चार भिंतींच्या आतून पाहायचे आहे. एखादी बाई आपल्या श्रद्धेनुसार रोज पहाटे प्रार्थना करते, त्याच घरात परक्या श्रद्धेत वाढलेल्या तीस-चाळीस मुली राहतात, आणि त्यांच्यापैकी काही त्या प्रार्थनेकडे ओढल्या जातात. यात कोणाचे काय चुकले, आणि निर्णय करण्याचा अधिकार कोणाचा होता, हा या अभ्यासाचा विषय आहे.

वचन नेमके कशाचे होते

बोस्टनची असोसिएशन डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्यांत वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांची माणसे होती, आणि त्यामुळे कोणत्याही एका पंथाची शिकवण देणारी शाळा त्यांनाही नको होती. दहा वर्षे खर्च चालवण्याची हमी त्यांनी दिली, ती शाळा धर्मप्रसाराची नसेल या अटीवर. रमाबाईंनी ही अट मनापासून स्वीकारली होती असे मानायला जागा आहे, कारण तिच्याशिवाय एकही हिंदू बाप आपली विधवा मुलगी त्यांच्या हाती सोपवणार नव्हता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ सदन सुरू झाले, तेव्हा उद्घाटनाच्या सभेच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. एका ख्रिस्ती बाईच्या शाळेच्या प्रारंभी एक हिंदू लेखिका अध्यक्षस्थानी बसते, यातच संस्थेची त्या वेळची प्रतिमा दिसते. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले.

सदनात मुलींना आपापले सोवळे-ओवळे, उपासतापास आणि पूजाअर्चा पाळण्याची मोकळीक होती. स्वयंपाक शाकाहारी होता. रमाबाई स्वतः जन्मभर शाकाहारी राहिल्या आणि पेहराव, राहणी यांत त्यांनी कधी साहेबी थाट धरला नाही. वर्गात बायबल शिकवले जात नव्हते, आणि याच कारणाने त्या काळचे कित्येक मिशनरी रमाबाईंवर नाराज होते. त्यांच्या मते ख्रिस्ती झालेल्या बाईने ख्रिस्ताचे नाव न घेता शाळा चालवणे हा कमकुवतपणा होता. म्हणजे ज्या वर्षांत पुण्यातली एक बाजू त्यांना छुपे मिशनरी म्हणत होती, त्याच वर्षांत दुसरी बाजू त्यांना अपुरे ख्रिस्ती ठरवीत होती.

सदनाचे वचन वर्गापुरते स्पष्ट होते. मात्र शारदा सदन हे एकाच वेळी शाळा आणि घर होते. शाळेत तासाला कोणता विषय शिकवायचा याचा नियम करता येतो. घरात सकाळी कोण काय पुटपुटते, आजारी मुलीच्या उशाशी बसलेली बाई कोणाचे नाव घेते, कोणत्या पुस्तकातून वाचून दाखवते, याचा नियम करणे जवळजवळ अशक्य असते. सदनाच्या घरपणाचा विचार ना बोस्टनने केला होता ना पुण्याच्या मंडळाने. सगळ्या अडचणीचे मूळ येथे आहे, असे मला वाटते.

रमाबाई येथपर्यंत कशा आल्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले, त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला, आणि सारे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, देवळांच्या ओसरीवर पुराण सांगत हिंडत राहिले. श्रोत्यांनी ठेवलेल्या शिध्यावर आणि दक्षिणेवर चूल पेटायची. जवळचा पैसा त्यांनी दानधर्मात, ब्राह्मणभोजनांत, देवांच्या अनुष्ठानांत घातला. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथे विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि तेथेच ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद ठेवला, जो स्त्रीने वाचू नये असे त्यांना लहानपणापासून शिकवलेले होते. शास्त्रे वाचता वाचता त्यांना असे दिसू लागले की इतर सगळ्या बाबतींत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र एकमत आहेत.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने जातीबाहेर विवाह केला. १८८२ मध्ये पती पटकीने गेला. पदरी तान्ही मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी फुलहॅम येथे चालवलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या बायकांना तेथे दयेने वागवले जात होते. रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या साक्षीत या प्रसंगाला मोठे स्थान आहे: अशा बायकांकडे पाहण्याची ही दृष्टी कोठून आली असे त्यांनी विचारले, आणि त्यांना बायबलातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संताप उसळला. रमाबाईंच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिलेल्या थोड्यांमध्ये जोतीराव फुले होते, ज्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची पाठराखण केली.

नव्या धर्मातही रमाबाई मुकाट बसल्या नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, आपल्या मुलीला काय शिकवावे, या प्रश्नांवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यावर त्याच जातीचे दुसरे जोखड घ्यायला मी तयार नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ मध्ये लिहिले आहे. धर्म बदलूनही ज्या बाईने आपली विवेकबुद्धी कोणाच्या हाती दिली नाही, तिच्याकडून ती आता दुसऱ्यांच्या विवेकावर घाला घालील ही शंका सहज पटत नाही. मात्र या युक्तिवादावर मी फार भार टाकणार नाही, कारण १८८५ च्या रमाबाई आणि १८९३ च्या रमाबाई यांच्यामध्ये एक घटना घडली होती.

१८९१ नंतर

ती घटना बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. रमाबाईंनीच नंतर सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या सुमारास वाचनातून आणि प्रार्थनेतून त्यांना तो सापडल्याची खात्री झाली. बुद्धीने स्वीकारलेला धर्म भक्तीने व्यापला गेला. वारकरी घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला जड जात नाही: माळ गळ्यात असणे वेगळे आणि नाम ओठी येणे वेगळे. त्यानंतरच्या त्यांच्या प्रार्थनेत पूर्वी नसलेली उत्कटता आली, आणि ती दाराआड राहिली नाही.

आता त्या मुलीच्या जागी उभे राहून पाहावे. तिचे लग्न सात-आठ वर्षांची असताना झाले, नवरा कदाचित तिने नीट पाहिलाही नाही, आणि तो गेल्यावर ती घरातली अशुभ व्यक्ती झाली. मंगलकार्यात तिने पुढे यायचे नाही, हळदीकुंकवाला तिला बोलावणे नाही, पहाटे दारात ती सामोरी आली तर बाहेर निघालेला माणूस मागे फिरतो. तिच्या वाट्याचा धर्म म्हणजे व्रते, एकभुक्त राहणे, केशवपन, आणि हे सगळे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे ही शिकवण. अशी मुलगी सदनात येते. येथे तिला कोणी अशुभ मानत नाही. जी बाई तिला अक्षरे शिकवते, ताप आला तर रात्र जागते, ती बाई पहाटे डोळे मिटून कोणाशी तरी बोलते. मुलगी दारात येऊन बसणार नाही तर काय करील?

रमाबाई स्वतः ज्या वाटेने ख्रिस्ताकडे गेल्या ती वाट अशीच होती. फुलहॅमच्या भगिनींनी त्यांना वाद घालून जिंकले नव्हते, टाकलेल्या बायकांशी त्या कशा वागतात हे पाहून रमाबाई वळल्या होत्या. त्यामुळे त्यांना आपल्या वागण्याचा मुलींवर होणारा परिणाम कळत नव्हता असे म्हणता येत नाही. तो त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला कळला नसता. धर्म न शिकवण्याचे वचन त्या पाळत होत्या, पण ज्या कृतीने माणसे खरोखर धर्माकडे वळतात ती कृती रोज त्यांच्या हातून घडत होती, आणि ती थांबवायची तर मुलींवर माया करणेच थांबवावे लागले असते.

पुण्याची हवा

सल्लागारांची बाजू समजून घेण्यासाठी त्या तीन वर्षांतले पुणे डोळ्यांपुढे आणावे लागते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल त्यांच्यावर ग्रामण्याचा, म्हणजे जातीने वाळीत टाकण्याचा, प्रसंग ओढवला. त्या यादीत रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, याबद्दल सुधारकांनीही त्यांना बोल लावले. १८९१ मध्ये मुलींच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतीचे वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्याने वातावरण आणखी तापलेले होते. चहाच्या एका पेल्यावरून घरेच्या घरे वाळीत पडू शकत होती, अशा गावात ख्रिस्ती बाईच्या प्रार्थनेला बसणारी विधवा मुलगी म्हणजे तिच्या पालकाच्या दृष्टीने केवढे संकट होते, याची कल्पना यावी. धाकट्या बहिणीचे लग्न अडणार, घरच्या पंगतीला कोणी येणार नाही, श्राद्धाला भटजी मिळणार नाही.

‘केसरी’ने हा संशय आधीपासून मांडला होता. सदनातल्या काही विधवा ख्रिस्ताकडे वळत असल्याची बातमी अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छापून आली, आणि ती पुण्यात पोहोचताच टीकेला धार आली. ही शाळा म्हणजे पांघरूण घेतलेले मिशन आहे, ही टिळकांची भूमिका होती. त्या टीकेची भाषा अनेकदा कठोर होती आणि रमाबाईंच्या हेतूंवर तिने घेतलेली शंका मला मान्य नाही. तिचा एक मुद्दा मात्र खरा होता: मुली ज्या विश्वासावर पाठवल्या गेल्या तो पालकांनी संस्थेवर ठेवलेला होता, आणि परिस्थिती बदलली असेल तर ते त्यांना स्पष्ट कळायला हवे होते.

पत्रातले चार मुद्दे

सल्लागारांचे पत्र संयमी आहे. प्रत्यक्ष देखरेख आपण जवळजवळ वर्षभरापूर्वीच सोडली असून आपला संबंध नावापुरता उरला होता, असे त्यात आरंभीच म्हटले आहे. तटस्थतेचा भंग दाखवण्यासाठी पुढे जे सांगितले आहे त्याचा आशय असा: पुष्कळ मुलींना रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला बसण्यास आणि बायबल वाचण्यास प्रवृत्त केले जाते, मुलींना प्रार्थनेला बसू द्यावे अशी विचारणा रमाबाई पालकांकडे करतात, निदान एका पालकाला तर त्यांनी स्वतःच ख्रिस्ती व्हावे असे सुचवले, आणि दोन मुलींनी आपण ख्रिस्ताला स्वीकारले असल्याचे घरच्या वडीलधाऱ्यांना सांगितले आहे. असेच चालणार असेल तर संस्थेला हिंदूंची सहानुभूती राहणार नाही, आणि व्यक्तिशः समजावूनही उपयोग झाला नाही, म्हणून आम्ही बाजूला होतो.

पहिला आरोप शाबीत करणे अवघड होते, कारण प्रवृत्त होणे आणि प्रवृत्त केले जाणे यांतली सीमा त्या घरात कोणालाच आखता आली नसती. तिसरा मुद्दा खरा असेल तर तो रमाबाईंच्या विरुद्ध जातो. मुलीच्या शिक्षणासाठी आलेल्या पालकाला धर्म बदलण्याचे सुचवणे हे खोलीतल्या प्रार्थनेत बसत नाही. तेथे त्यांनी वचनाची मर्यादा ओलांडली, आणि त्यांच्याविषयी कितीही आदर असला तरी हे म्हटले पाहिजे.

दुसऱ्या मुद्द्याचे वजन मात्र मला उलट बाजूला पडताना दिसते. प्रार्थनेला बसू द्यावे का, असे पालकांना उघडपणे विचारणे हे लपवाछपवीच्या विरुद्ध टोकाचे वागणे आहे. पालकांचा विश्वास हा संस्थेचा पाया होता हे मान्य केले, तर मुलीला आत घेण्यापूर्वी पालकाची परवानगी मागण्याइतका रीतसर मार्ग दुसरा कोणता? मंडळाने हीच पद्धत नियम म्हणून लावली असती, म्हणजे लेखी परवानगी असल्याखेरीज अल्पवयीन मुलीने प्रार्थनेच्या वेळी त्या खोलीत जाऊ नये असे ठरवले असते, तर दार उघडे राहूनही वचन टिकले असते. त्याऐवजी विचारणा हाच धर्मप्रसाराचा पुरावा ठरला. चांगल्या माणसांच्या हातून भीतीच्या दडपणाखाली अशी गफलत होते, आणि रानड्यांवर ते दडपण किती होते हे वर आलेच आहे.

चौथ्या मुद्द्यापाशी मला अधिक थांबावेसे वाटते. दोन मुलींनी घरी जाऊन सांगितले की आम्ही ख्रिस्ताला स्वीकारले आहे. १८९३ च्या महाराष्ट्रात विधवा मुलीने आपल्या वडीलधाऱ्यांसमोर उभे राहून हे वाक्य उच्चारणे ही केवढी गोष्ट आहे! त्या वाक्याबरोबर त्यांचे घर, माहेरचे नाव, उरलेसुरले सगळे आप्त जाणार होते. पत्रात हे वाक्य रमाबाईंविरुद्धचा पुरावा म्हणून आले आहे. त्या दोघींचे स्वतःचे म्हणणे म्हणून ते कोणी वाचले नाही. सदनाच्या बाजूनेही ते मुलींच्या हक्काचा प्रश्न म्हणून मांडले गेले नाही. तेथे भर होता तो ख्रिस्ती बाईच्या स्वतःच्या घरात प्रार्थना करण्याच्या हक्कावर. एकीकडे पालकांचा हक्क, दुसरीकडे संचालिकेचा हक्क, आणि ज्या मुलींनी तोंड उघडले त्यांचा हक्क दोन्हींकडून सुटला.

कायद्यानेही येथे मदत केली नसती. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याने सज्ञान होण्याचे वय सर्वसाधारणपणे अठरा ठरवले होते, पण लग्न, दत्तक आणि धर्म व धार्मिक रूढी यांच्या बाबतीत हात न घालण्याचे त्याच कायद्यात म्हटले होते. १८५० च्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली होती, परंतु ज्या विधवेच्या नावावर काही नव्हते तिला तिचा उपयोग नव्हता. तरीही संस्थेला आपल्यापुरता भेद करता आला असता. नऊ वर्षांच्या मुलीने कोणाच्या प्रार्थनेला बसावे हे तिचे पालक ठरवतील, हे योग्यच आहे. वीस वर्षांच्या बाईने काय मानावे हे तिचा भाऊ किंवा दीर ठरवील हे मला योग्य वाटत नाही, आणि तेव्हाही ते योग्य नव्हते. सदनात या दोन्ही वयांच्या जणी होत्या, आणि वादात दोघींना ‘मुली’ या एकाच नावाखाली धरले गेले. त्यांपैकी बऱ्याच जणींचे लग्न आणि वैधव्य त्यांना न विचारता झाले होते. आता श्रद्धेच्या बाबतीतही तसेच झाले.

एक गोष्ट मनाला विशेष लागते. ज्या समाजाने या मुलींना सणासमारंभातून, पंगतीतून, आरशासमोरून दूर केले होते, त्या समाजाला त्या आपल्या आहेत याची तीव्र जाणीव त्या दुसरीकडे जाऊ लागल्या तेव्हा झाली. बाटली, बाटवली, हे शब्द तत्काळ तयार होते. मात्र रानडे आणि भांडारकर यांना मी या हिशेबात धरत नाही, कारण विधवांच्या शिक्षणासाठी आणि पुनर्विवाहासाठी त्यांनी आयुष्यभर सोसले होते. १८९१ मध्ये भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह स्वतः केला होता. त्यांचे दुःख वेगळे होते. विधवांना शिकवल्यास त्या धर्म सोडतात, असे म्हणण्यास सनातन्यांना आता आधार मिळाला, आणि त्यामुळे पुढच्या शेकडो मुलींची दारे बंद होतील, ही त्यांची भीती होती. ती भीती निराधार नव्हती.

गोदूबाईंचा दाखला

सदनात राहिली म्हणजे मुलगी ख्रिस्ती होणारच, या समजुतीला त्याच वर्षीचे एक उदाहरण आडवे येते. गोदूबाई जोशी या कोकणातल्या बालविधवा. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक आणि तेथे आलेली पहिली विधवा. त्या तेथे सुमारे चार वर्षे राहिल्या, रमाबाईंच्या मायेत वाढल्या आणि हिंदूच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सल्लागारांच्या पत्राच्या पाच महिने आधी, पुण्यात त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. रमाबाईंचा या विवाहाला मनापासून पाठिंबा होता. धर्मांतर हेच ज्या संस्थेचे उद्दिष्ट असते, तिने आपली पहिली विधवा विद्यार्थिनी हिंदू पद्धतीच्या पुनर्विवाहासाठी आनंदाने दिली नसती.

या लग्नानंतर कर्वे कोकणातल्या आपल्या मुरूड गावी गेले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या घरच्यांना त्यांच्याशी उघडपणे राहणे अशक्य करून टाकले. कर्व्यांनी धर्म सोडला नव्हता, गोदूबाईंनीही नाही. तरी त्यांना मिळालेली वागणूक बाटलेल्यांना मिळणाऱ्या वागणुकीहून फारशी निराळी नव्हती. सदनातल्या ज्या मुलीच्या मनात ख्रिस्ताकडे जावे की नाही अशी घालमेल चालली असेल तिने हे पाहिले असणार. धर्मात राहून सुखाने जगण्याची जी एक वाट दाखवली जात होती तिचीही किंमत तेवढीच होती.

पुढे काय झाले

बोस्टनच्या कार्यकारी मंडळाने रमाबाईंची बाजू घेतली. वर्गात धर्म शिकवला जात नाही, आणि स्वतःच्या घरात प्रार्थना करण्याचा हक्क संचालिकेला आहे, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले. समुद्रापलीकडून हा प्रश्न व्यक्तिस्वातंत्र्याचा दिसत होता; पुण्यातून तो विश्वासाचा दिसत होता. दोन्ही ठिकाणांहून दिसणारे खरे होते, पण पैसा बोस्टनचा असल्यामुळे निर्णय तेथला चालला, आणि स्थानिक माणसांचा संस्थेवरचा हात पूर्णपणे सुटला. माझ्या मते हा मोठा तोटा होता. रानडे-भांडारकरांनी आत राहून, कडक नियम मागून, प्रसंगी रोज भांडून संस्था हिंदू समाजाशी बांधून ठेवायला हवी होती. आणि रमाबाईंनी १८९१ नंतर आपल्यात झालेला बदल मंडळासमोर ठेवून, यापुढे वचन कसे पाळायचे हे नव्याने ठरवून घ्यायला हवे होते. दोन्ही बाजूंनी संबंध तोडण्याचा मार्ग सोपा ठरला.

सदन बंद पडले नाही. मुली गेल्या तशा नव्या आल्या. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली, तेव्हा रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तटस्थतेची जुनी अट उरली नाही. तोवर केडगावला रमाबाईंच्या ‘मुक्ती’ या संस्थेची वसाहत उभी राहिली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली आणि नंतर गुजरातच्या दुष्काळातल्या मुली मिळून १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जणी राहत होत्या, आणि ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. त्या मुलींना पाठवणारे पालक नव्हते. त्यांचे पालक दुष्काळात मेले होते किंवा त्यांनी त्यांना सोडून दिले होते. त्यामुळे परवानगीचा प्रश्नच उठला नाही, आणि पोट भरणारा हात आणि धर्म शिकवणारा हात एकच असेल तर मुलीची संमती कशी ओळखायची हा प्रश्न मात्र तेथे अधिक बिकट झाला.

इकडे कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली, जी पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला गेली. हिंदू विधवांना हिंदू वातावरणात शिकता यावे ही गरज शारदा सदनाच्या प्रकरणाने तीव्र केली होती. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. आश्रमाला लोकांचा विश्वास हवा होता, आणि त्यासाठी स्वतः पुनर्विवाह केलेल्या कर्व्यांना पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवावी लागली. आश्रमातल्या मुलींना पुनर्विवाहाचा उपदेश केला जाणार नाही, असे त्यांना लोकांना पटवावे लागले. ज्यांच्या घरात पुनर्विवाहित आनंदीबाई रोज वावरत होत्या, त्या कर्व्यांकडून ही अपेक्षा होती. हिंगण्याच्या मुलींपुढेही आपल्या आयुष्याचे वेगळे उदाहरण घेऊन एक बाई उभी होती, आणि तिच्याकडे पाहून त्यांनी काय ठरवायचे याचा निर्णय तेथेही आधी पालकांशी झालेल्या बोलीने बांधलेला होता.